गुळव्याचा हात

गॅस्ट्रोपब हा शब्द मी अण्णांसमोर काढायलाच नको होता.

"गॅस्ट्रो?" मोबाइलवर कोल्हापूरच्या बातम्या वाचता वाचता त्यांनी मान वर केली. "आणि तिथं जेवायला जायचं? आमच्याकडं गावात गॅस्ट्रो आला की ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल टाकते."

मी समजवायला गेलो. म्हटलं, अण्णा, हा वेगळा गॅस्ट्रो. जुना पब असतो, पण जेवण चांगलं मिळतं. इंग्लंडचं जुनंच जेवण, जरा रिफाइन केलेलं. आणि हे म्हणताक्षणी मी दुसऱ्या खड्ड्यात पडलो, कारण 'रिफाइंड' या शब्दावर अण्णांचा जुना राग आहे. एकतीस वर्षं सहकारी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काढलेला माणूस. ब्रिक्स, पोल, प्युरिटी हे शब्द आमच्या घरात मी पाढ्यांच्या आधी ऐकले. पण चहा कायम गुळाचा. कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं: "आधी रंग काढायचा, मग वास काढायचा, मग आणखी काय राहिलं असेल ते काढायचं. शेवटी नुसतं गोड उरतं. त्याला रिफाइंड म्हणतात. मी तेच करत होतो की जन्मभर, मला काय सांगतोस?"

आत्ताही तेच झालं. "आधीच ह्यांच्या जेवणात काही नसतं. त्यातनं आणखी काढल्यावर राहणार काय? ताट?"

अण्णांना लंडनजवळ स्लाऊला माझ्याकडे येऊन तीन आठवडे झाले होते. आई आली नव्हती. बहिणीच्या मुलांच्या परीक्षा. तीन आठवड्यांत त्यांनी इंग्लंडच्या खाण्याचा निकाल लावून टाकला होता. फ्रिजमधून काढलेलं थंडगार त्रिकोणी सँडविच हे जेवण कसं असू शकतं, हा त्यांचा मूळ प्रश्न. माझ्या कपाटात त्यांना एकच गोष्ट पसंत पडली, ती म्हणजे गोल्डन सिरपचा हिरवा-सोनेरी डबा. १८८५पासून विकला जाणारा, मेलेल्या सिंहाचं आणि मधमाश्यांचं चित्र असलेला. बोटानं चाटून बघितलं आणि म्हणाले, "इन्व्हर्ट सिरप आहे हे. काकवीचा चुलतभाऊ. पण शहरात वाढलेला."

त्यांना दोष तरी कसा द्यायचा? या देशातलं माझं पहिलं पबमधलं जेवण मला अजून आठवतं. चौदा वर्षं झाली. हमरस्त्यावरचा एक पब, नाव जाऊ दे. पाय मागवला होता, म्हणजे पिठाच्या आवरणात सारण भरून भाजलेला इंग्लिश 'पाय'. वरचं आवरण तोंड भाजेल इतकं गरम आणि मधला गोळा बर्फासारखा. मायक्रोवेव्हनं त्याला बाहेरून पकडलं होतं, आतपर्यंत पोचायला वेळ मिळाला नव्हता. सोबत हिरवे वाटाणे, इतके हिरवे की दिवाळीच्या आकाशकंदिलात शोभले असते. त्यानंतर बरीच वर्षं मीही सगळ्या मराठी मंडळींसारखा विनोद करत होतो, की इंग्रज मसाल्यासाठी अर्धं जग फिरला आणि घरी येऊन मसाला वापरायचा विसरला.

हा विनोद आपण सगळे करतो आणि तो अर्धाच खरा आहे. जुन्या इंग्लिश स्वयंपाकात जायफळ, जायपत्री, दालचिनी, लवंग, आलं यांची रेलचेल होती. जायफळासाठी तर हे लोक डच लोकांशी वर्षानुवर्षं भांडले. १६६७च्या तहात रन नावाचं जायफळाचं एक चिमुकलं बेट डचांकडे राहिलं आणि मॅनहॅटन इंग्रजांकडे. त्या वेळी सौदा कुणाला फायद्याचा वाटला असेल, हे जायफळाचा तेव्हाचा भाव माहीत असलेल्यालाच कळेल. पुढे चव बदलली. श्रीमंतांनी फ्रेंच वळण उचललं, मसाले मागे सरकले. ते गोडात राहिले, लोणच्यात राहिले, नाताळच्या केकमध्ये राहिले.

खरा घाव त्यानंतरचा. आधी गिरण्या आल्या, गावं रिकामी झाली, माणूस शेतापासून तुटला. वर दोन महायुद्धं. जानेवारी १९४० मध्ये रेशन सुरू झालं, ते संपायला जुलै १९५४ उजाडला. युद्ध जिंकून नऊ वर्षं झाली तरी हे लोक मटण कुपनावर घेत होते. युद्धाच्या काळात माणशी आठवड्याला एक अंडं आणि दोन औंस, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम, लोणी. दूध कारखान्यांकडे वळवलं आणि एकाच साच्याचं चीज काढलं. लोक त्याला 'गव्हर्न्मेंट चेडर' म्हणायचे. गावोगावचे चीज करणारे बसले. चौदा वर्षं म्हणजे किती? मुलगी पाचवीत असताना रेशन सुरू झालं तर संपेपर्यंत ती स्वतः दोन पोरांची आई. तिच्या आईला करायला काही मिळालंच नाही, मग ती हिला शिकवणार काय? आपल्याकडं पाककृती आजीकडून नातीकडे जाते म्हणतो. मधली एक बाई गळली की संपलं.

हे सगळं मी अण्णांना रेल्वेत सांगत होतो आणि अण्णा खिडकीबाहेर बघत होते. मेडनहेडच्या अलीकडे गाडी थेम्स ओलांडते. हा पूल ब्रुनेल या इंजिनिअरचा, १८३९चा, नुसत्या विटांचा. दोन मोठ्या कमानी, एकेक ३९ मीटरची आणि इतकी चपटी की तेव्हाच्या काही जाणत्यांनी कोसळणार म्हणून भाकीत केलं होतं. अजून गाड्या धावतायत. ही गंमत मी मोठ्या उत्साहानं सांगितली. अण्णा म्हणाले, "पुलावरनं जाताना पूल दिसत नाही. नदीच दिसते." हे खरं होतं.

ब्रे हे गाव मेडनहेड स्टेशनपासून दोन-अडीच किलोमीटर. नोव्हेंबरचा कोरडा दिवस होता म्हणून चालत निघालो. गाव म्हणजे एक चर्च, थोड्या विटांच्या भिंती, थोडी लाकडी चौकटींची घरं आणि नदी. पण खाण्याच्या नकाशावर हे टीचभर गाव फार मोठं. रू या स्वयंपाकी बंधूंनी १९७२ साली नदीकाठी 'वॉटरसाइड इन' काढलं, त्याला १९८५पासून मिशेलिन या खाद्य-मार्गदर्शिकेचे तीन तारे, म्हणजे तिचा सर्वोच्च मान. हेस्टन ब्लुमेंथल नावाच्या, कुठल्याही पाकशाळेत न शिकलेल्या माणसानं १९९५ साली एका जुन्या पबच्या इमारतीत 'फॅट डक' काढलं, त्यालाही २००४ साली तीन तारे मिळाले. आणि तिथून हाकेच्या अंतरावर आम्ही जिथं निघालो होतो ते ब्लुमेंथलचंच 'हाइन्ड्स हेड'. पंधराव्या शतकातली इमारत. राजाची शिकारीची कोठी होती म्हणतात, कुणी मठाची धर्मशाळा म्हणतात. 'हाइन्ड' म्हणजे हरिणी. १३९३ साली दुसऱ्या रिचर्डनं दारू गाळणाऱ्यांना दारावर पाटी लावायची सक्ती केली. वाचता कुणाला येत होतं? म्हणून चित्रं. म्हणून इंग्लंडभर लाल सिंह, पांढरे घोडे आणि हरिणीची डोकी टांगलेली.

चर्चपाशी अण्णा थांबले तेव्हा मी त्यांना ब्रेच्या पाद्र्याची गोष्ट सांगितली. आठव्या हेन्रीपासून एलिझाबेथपर्यंत चार गाद्या बदलल्या, प्रत्येक गादीबरोबर देशाचा पंथ बदलला. लोक जाळले गेले. हा गडी मात्र दर वेळी नव्या पंथाचा झाला आणि जागेवरून हलला नाही. कुणीतरी हिणवलं, तुला काही तत्त्व आहे की नाही? तर म्हणाला, आहे ना, ब्रेचा पाद्री म्हणूनच जगायचं आणि मरायचं, हे माझं तत्त्व.

"जिकडे घुगऱ्या तिकडे उदो उदो," अण्णा म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदा हसले. "आमच्या कारखान्याच्या बोर्डावर असले चार होते."

पबचं दार बुटकं, आत छत आणखी बुटकं. काळवंडलेल्या ओकच्या तुळया, ओकच्याच फळ्यांनी मढवलेल्या भिंती, शेकोटी. अण्णा सरळ चालत गेले. मी दोनदा कपाळ आपटलं. पंधराव्या शतकातल्या सुताराच्या डोळ्यांसमोर अण्णांच्या उंचीचा माणूस असावा.

आधी बियर. "औषधापुरती," अण्णा म्हणाले, "आणि आईला फोटो पाठवू नको." अर्धा पाइंट घेतला. बियर काढणाऱ्या मुलीनं लाकडी मुठीचा दांडा दोनदा ओढला तसे अण्णा खुर्चीतून उठून बघायला गेले. हातपंप! हे त्यांना फार आवडलं. एक घोट घेतला आणि आवडणं बंद. "कोमट आहे की रे."

कोमट नव्हती, तळघराच्या तापमानाची होती, बारा अंशांच्या आसपास. या बियरचं आंबणं पिंपात शिरल्यावरही चालूच असतं, यीस्ट जिवंत असतं, वरून गॅस भरत नाहीत. तळघर सांभाळणारा माणूस चुकला की पिंप गेलं. हे सांगितल्यावर केमिस्ट जागा झाला. आमच्या डिस्टिलरीत मळी आंबवायला घातली की अमुक तापमान आणि तमुक तास, इथपासून सुरुवात झाली आणि अर्धा पाइंट कधी संपला ते त्यांनाही कळलं नाही. शेवटचा घोट मात्र थांबून घेतला. "गार असती तर वास लागला नसता," एवढंच म्हणाले. अण्णांकडून ही शिफारसच.

पबमध्ये असं जेवण मिळू लागलं त्याचं श्रेय स्वयंपाक्यांइतकंच एका सरकारी आदेशाला आहे. पूर्वी बहुतेक पब दारू कंपन्यांच्या मालकीचे. दोन हजारांहून जास्त पब बाळगणाऱ्या कंपन्यांवर सरकारनं १९८९ साली बंधनं घातली आणि बरेच पब एकदम बाजारात आले. रेस्टॉरंट काढायला ज्यांच्याकडे भांडवल नव्हतं, अशा पोरांना पडीक पब परवडू लागले. १९९१ साली लंडनच्या फॅरिंग्डन रोडवर मायकल बेल्बन आणि डेव्हिड आयर या दोघांनी 'ईगल' घेतला, बारच्या मागंच चूल मांडली, टेबलावर चादरी नाहीत, वेटर नाहीत. मागायचं बारवर, पैसे तिथंच द्यायचे. गॅस्ट्रोपब हा शब्द त्यांच्यापासून रुळला. त्यांचा हात इंग्लिशपेक्षा भूमध्य समुद्राकाठचा, पण वाट पडली. २००१ साली हेरफर्डशरमधल्या टिटली गावच्या 'स्टॅग इन'ला मिशेलिनचा तारा मिळाला, पबला मिळालेला पहिला. १ जुलै २००७पासून इंग्लंडच्या पबांत धूम्रपान बंद झालं आणि ताटातल्या पदार्थाचा वास पहिल्यांदा नाकापर्यंत पोचू लागला.

आता या प्रकाराचा अतिरेकही झालाय, नाही असं नाही. काही ठिकाणी बटाट्याच्या फोडी खेळण्यातल्या बादलीतून येतात, ब्रेड छपराच्या दगडी पाटीवर येतो, आणि पायच्या नावाखाली तीन वेगळे ढीग वाढून ते कसे एकत्र करायचे हे आपल्यावर सोडतात. बादलीतून चारा घालतात, माणसाला वाढत नाहीत. दुसरं म्हणजे जेवण सुधारलं की किंमत सुधारते, आणि संध्याकाळी एका पाइंटवर तीन तास गप्पा मारणारा गावचा म्हातारा हळूच दिसेनासा होतो. याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याही कोपऱ्यात त्या दुपारी बाहेरगावचीच माणसं जास्त होती.

मेन्यूकार्ड अण्णांनी चष्मा लावून, कारखान्याचा ताळेबंद वाचावा तसं वाचलं. बीफ आम्ही दोघं खात नाही, म्हणजे ऑक्सटेल आणि किडनीचं पुडिंग बाद; ते शेजारच्या टेबलावर वाफाळत आलं तेव्हा फक्त बघितलं. मी स्कॉच एग घेतलं. लावेचं उकडलेलं अंडं, त्याभोवती डुकराच्या खिम्याचं आवरण, वर पावाचा चुरा आणि तळण. कापलं तर पिवळा बलक अजून ओलसर. आवरण तळून खरपूस व्हावं आणि आतलं बोटभर अंडं घट्ट होऊ नये, यात घड्याळाचा किती खेळ आहे हे अण्णांनी लगेच ओळखलं. खाल्लं मात्र नाही. "अंड्याचा बटाटेवडा," म्हणून नोंद केली.

त्यांच्यासाठी आलं ते लँकशर हॉटपॉट. मटण, कांदा, वर बटाट्याच्या चकत्या कौलांसारख्या रचलेल्या, आणि मंद आचेवर तासन्‌तास. गिरण्यांच्या मुलखातलं हे खाणं: घरातले सगळेच कामावर, म्हणून भांडं मंद आचेवर ठेवून जायचं आणि संध्याकाळी येऊन जेवायचं. अण्णांनी चकती उचलून खाली वाकून बघितलं. रस पातळ, तपकिरी, तर्रीचा मागमूस नाही. त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशाकडे गेला. खिशात काय आहे ते मला माहीत होतं. कांदा-लसूण चटणीची डबी, तपकिरीच्या डबीएवढी. कोल्हापूरहून निघाल्यापासून ती त्यांच्या अंगावरच होती. मी शेकोटीकडे बघायला लागलो.

त्यांनी आधी एक चमचा रस घेतला. मग दुसरा. खिशातला हात खिशातच राहिला.

"अळणी आहे," ते म्हणाले.

माझं तोंड पडलं असावं, कारण ते लगेच म्हणाले, "तसं नव्हे रे. अळणी. आपलं अळणी."

ज्यांचं बालपण आमच्या बाजूला गेलं नाही त्यांना सांगायला हवं. अळणी म्हणजे बेचव, हा झाला शब्दकोशातला अर्थ. पण कोल्हापुरात मटण शिजताना मसाला पडायच्या आधीचा जो रस काढून घेतात, हळद, मीठ, आलं-लसूण एवढ्यावरच उकळलेला, त्यालाही अळणीच म्हणतात. पोरांना, म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना आधी वाटी त्याची. मटण कसं आहे हे खाटकानं कितीही सांगितलं तरी कळतं ते त्या वाटीत. तांबड्या रश्शात चूक झाकता येते, अळणीत येत नाही. अण्णांची आई म्हणे सुनेची परीक्षा अळणीवर घ्यायची.

"बकरं चांगलं आहे. आणि घाई केलेली नाही," अण्णा म्हणाले आणि त्यानंतर पंधरा मिनिटं काही बोलले नाहीत.

मग फोडी आल्या. ट्रिपल-कुक्ड चिप्स, म्हणजे तीनदा शिजवलेल्या. या पबमध्ये येणारा प्रत्येक माणूस या मागवतो आणि मी इथं अण्णांना आणलं ते खरं म्हणजे यांच्यासाठीच. हा ब्लुमेंथलचा शोध, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचा, फॅट डकच्याही आधीचा. इंग्लंडमध्ये फोडी बऱ्याचदा गाईच्या चरबीत तळतात, म्हणून मी आधीच विचारलं. मुलगी आत जाऊन विचारून आली: शेंगदाण्याचं तेल. अण्णा खुर्चीत सैलावले. "मग घरचंच की."

एक फोड हातात घेऊन त्यांनी ती कानाजवळ धरली आणि मोडली. आवाज आला. चकलीला येतो तसा. आत कापसासारखा मऊ बटाटा, वाफ निघतेय. त्यांनी तोंडात टाकली नाही, आधी मोडलेली बाजू उजेडाकडे धरून निरखली. वरचं कवच गुळगुळीत नव्हतं, त्याला बारीक बारीक भेगा होत्या.

"हे कसं करतात?"

मला ठाऊक होतं ते सांगितलं. बटाटा मॅरिस पायपर जातीचा, केंब्रिजजवळच्या संशोधन केंद्रात तयार झालेला, १९६६ साली बाजारात आलेला. फोडी करायच्या आणि वाहत्या पाण्याखाली धुवायच्या, वरचा स्टार्च जाईपर्यंत. मग पाण्यात उकळायच्या, अगदी मोडायच्या बेताला येईपर्यंत; इथंच त्या भेगा पडतात. मग जाळीवर गार करून पाण्याचा अंश काढायचा. मग १३० अंशांवर तळण, रंग न येऊ देता. पुन्हा गार. आणि शेवटी १८० अंशांवर, सोनेरी होईपर्यंत. भेगांत तेल शिरून तिथं कडक होतं, म्हणून तो आवाज. पाणी आत राहिलं असतं तर वाफ होऊन कवच मऊ पडलं असतं.

"म्हणजे पाणी काढलं," अण्णा म्हणाले. "बाकी काही काढलं नाही."

"नाही."

"घातलं काय?"

"मीठ."

त्यांनी आणखी एक फोड मोडली. मग डबी शेवटी खिशातून निघालीच. चिमूटभर चटणी एका फोडीवर टाकली, खाल्ली, डबीचं झाकण लावलं. "चालतंय. पण गरज नव्हती." आणि मग, माझ्याकडं न बघता, "हे कारखान्याचं काम नव्हे. हे गुऱ्हाळातलं आहे."

लहानपणी थंडीत आम्ही अण्णांबरोबर मामाच्या गुऱ्हाळावर जायचो. चुलवाणात चिपाडाचा जाळ, वर भलीमोठी काहील, त्यात रस. गुळव्या काठावर उभा. त्याच्याकडे थर्मामीटर नाही, काही नाही. रस तापायला लागला की तो भेंडीचं बुळबुळीत पाणी घालायचा. मग वर काळपट फेस यायचा, तो झाऱ्यानं काढायचा, पुन्हा यायचा, पुन्हा काढायचा. त्या फेसाला मळी म्हणतात. (कारखान्यात मळी म्हणजे साखर काढून उरलेला काळा पाक. एकाच तालुक्यात एकाच शब्दाचे दोन अर्थ, आणि अण्णा दिवसभर एका अर्थानं बोलून संध्याकाळी दुसऱ्या अर्थानं बोलायचे.) रस स्वच्छ व्हायचा, पण गोरा व्हायचा नाही. बुडबुडे बदलायचे, आधी मोठे, मग बारीक, मग जड. गुळव्या थेंब पाण्यात टाकून बोटांत गोळी वळून बघायचा. एका क्षणी ओरडायचा आणि चार माणसं काहील उतरवायची. क्षण चुकला तर ढेप एक तर चिकट, नाही तर करपट. अण्णा, बी.एस्सी. झालेले, लॅबमधले अण्णा, त्या अंगठाबहाद्दर माणसाशी बोलताना त्याला 'अहो' म्हणायचे.

गुळव्याही काढतोच की. पण तो मळी काढतो, वास नाही काढत. इतकी वर्षं अण्णा 'रिफाइंड'वर चिडत होते आणि मी ते गुळाचं वेड समजत होतो. आपल्याकडं या दुसऱ्या प्रकाराला धड शब्दही चांगला आहे: निगुती. निगुतीचा स्वयंपाक. आजी एखादीचं कौतुक करायची ते "छान करते" असं नाही, "निगुतीनं करते" असं. त्यात महागडं काही नसतं. डाळ नीट निवडलेली असते, फोडणी करपलेली नसते, भाजी चिरलेली एकसारखी असते, आणि करणारीचं लक्ष तिथंच असतं. इंग्रजांनी हॉटपॉटमध्ये केशर घातलं नव्हतं की बटाट्याला सोन्याचा वर्ख लावला नव्हता. जुनी गोष्ट घेतली, ती पूर्वी कशी चांगली लागत असेल आणि मधे कुठं बिघडली ते शोधलं, आणि बिघाड तेवढा काढला. माझ्या चौदा वर्षांपूर्वीच्या पायमध्ये पाककृती चुकीची नव्हती. लक्ष नव्हतं.

गोड काय घ्यायचं याचा प्रश्नच नव्हता. 'क्वेकिंग पुडिंग', थरथरणारं पुडिंग. सतराव्या शतकातल्या इंग्लिश पाककृती-वह्यांत हे सापडतं. पूर्वी पीठ चोळलेल्या फडक्यात बांधून उकळायचे. ब्लुमेंथलनं हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या स्वयंपाकघरांचा अभ्यास करणाऱ्या इतिहासकारांकडून जुन्या पद्धती समजून घेतल्या आणि हे पुन्हा पानात आणलं. दूध, साय, अंडं, साखर, दालचिनी, जायफळ. मुलीनं बशी टेबलावर ठेवली आणि ते पांढुरकं पुडिंग स्वतःशीच हललं. बशी थांबली तरी ते हलतच राहिलं.

अण्णांनी एका बोटानं बशीची कड हलकेच टिचकावली. पुन्हा थरथर. वाकून वास घेतला.

"कुणाची म्हैस व्यायली?"

मला हसू आवरेना. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वळून बघितलं. पण खरंच तो खरवस होता. चीक नव्हता त्यात, अंड्यानं बांधलेलं होतं, खरवसापेक्षा नाजूक, जिभेवर टेकलं की नाहीसं होणारं. पण थरथर तीच, पांढऱ्यावर जायफळाची तीच तपकिरी धूळ. म्हैस व्यायली की आई दुसऱ्या दिवशीच्या चिकाचा खरवस करायची, कुकरमध्ये, शिट्टी काढून. झाला की नाही हे बघायला डबा हातात घेऊन हळूच हलवायची. कड स्थिर आणि मध्य हलता हवा. दोन्ही हललं तर कच्चा, दोन्ही स्थिर तर वातड. आम्ही चौघं ओट्याभोवती उभे राहून त्या मध्याकडे बघत असायचो.

अण्णांनी पुडिंग अर्धं अर्धं केलं, म्हणजे पाऊण स्वतःकडे आणि पाव माझ्याकडे.

बिल आलं तेव्हा त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावला आणि थोडा वेळ ओठ हलवत हिशेब केला. पौंडाचे रुपये करत असतील असं वाटलं. "चार टन," ते म्हणाले. ऊस. चार टन उसाचं जेवण झालं होतं. त्यावर टीका करतील म्हणून मी तयारीत होतो, पण त्यांनी बिल घडी करून पाकिटात ठेवलं, कारखान्याच्या पावत्या ठेवायचे तसं, आणि बाहेर पडताना दारात वाकायची गरज नसताना थोडे वाकले.

परतीच्या गाडीत पूल आला तेव्हा अंधार पडला होता. नदीही दिसली नाही.

डिसेंबरात अण्णा कोल्हापूरला परत गेले. जानेवारीतल्या एका रविवारी आईचा फोन आला. मागं कढईचा आवाज. "काय खायला घातलंस रे ह्यांना तिकडं? सकाळपासून किचन अडवून बसलेत. तीन वेळा बटाटे तळायचे म्हणे. एकदा झालेत, ते पंख्याखाली वाळत घातलेत ताटात, मला हात लावू देत नाहीत. लॅबचा जुना थर्मामीटर शोधून काढलाय, तो तेलात बुडवून उभे आहेत. सिलिंडर परवाच लावला होता."

मी म्हटलं, अण्णांना दे.

"ते बोलायच्या मनःस्थितीत नाहीत," आई म्हणाली. "एकशे अठ्ठावीस झालंय."